माइकवाल्याचे उपकार

मुलगी बघायला आलेली मंडळी कांदेपोहे संपले की घसा साफ करून विचारायची, "गाण्याची आवड आहे का?" मुलगी खाली बघून म्हणायची, "हो, जुनी गाणी आवडतात." मुलालाही जुनीच आवडलेली असायची. दोन्हीकडचे वडीलधारे समाधानाने मान डोलवायचे. पुढे वरातीत बँडवाले असलं काही वाजवायचे की जुन्या गाण्यांचा तो शौकीन नवरदेव घोड्यावर बसल्या बसल्या खांदे उडवायचा. खोटं कोणीच बोललेलं नसायचं. 'आवडतं गाणं' म्हणून आपण जे सांगतो, ते पाहुण्यांसाठी शोकेसमधून काढलेल्या कपबशीसारखं असतं. रोजचा चहा घरात भलत्याच पेल्यातून चाललेला असतो.

ही भलती गाणी माणसाला चिकटतात कुठून? मी जुन्या जालन्यात वाढलो आणि माझ्यापुरतं उत्तर मला ठाऊक आहे. माइकवाल्याकडून.

आमच्या लहानपणी लग्नघर ओळखायचं ते मांडवावरून नव्हे, कर्ण्यावरून. सायकलच्या कॅरिअरला ॲम्प्लिफायर, खांद्यावर कर्णा आणि मागून रेकॉर्डींची पेटी सांभाळत येणारा पोऱ्या, अशी वरात आधी यायची. माइकवाला सगळ्यात उंच गच्ची शोधायचा, कठड्याला कर्णा आवळायचा आणि त्याचं तोंड नेमकं आमच्या घराकडे करायचा. दुसऱ्या गल्लीतल्या लोकांचंही म्हणणं असंच होतं की तोंड त्यांच्या घराकडे असायचं. मग 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' आणि त्यानंतर तीन दिवस अपील नाही.

पहिली रेकॉर्ड देवाची. पुढे सनई. त्यानंतर मात्र माइकवाल्याची स्वतःची आवड सुरू व्हायची. त्याच्या पेटीत रेकॉर्डी मोजक्याच आणि त्यातही त्याच्या जिवाची एखादीच. नवरीचा मामा फर्माईश घेऊन गेला की तो थंडपणे सांगायचा, "ती घासली मालक." आणि स्वतःची, मामाच्या रेकॉर्डीपेक्षा दुप्पट घासलेली, पुन्हा लावायचा. गल्लीत कुणाची परीक्षा असे, कुणाचं डोकं दुखत असे, पण तक्रार करायला जायचं कुणाकडे? लग्न शेजाऱ्याचं आणि जेवायला आपणही जाणार. अशा रीतीने पन्नास घरांची संगीताची आवड एका माणसाने, त्यांना न विचारता, फुकटात घडवली.

कागदोपत्री जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, औरंगाबाद आणि परभणीचे तालुके जोडून. आमचा गाण्यांचा जिल्हा त्याच्या आधीचा. त्याची हद्द कर्ण्याचा आवाज जाईल तिथवर. मधून कुंडलिका वाहते, अलीकडे जुनं जालना, पलीकडे नवीन. वारा फिरला की नवीन जालन्यातलं लग्न आमच्या गच्चीवर यायचं, पण निम्मंच. मुखडा ऐकू यायचा आणि अंतरा नदीत पडायचा. कित्येक गाण्यांचे अंतरे मला आजही येत नाहीत. ते कुंडलिकेकडे आहेत.

कर्ण्याला वर्षाचं पंचांग पाठ होतं. आषाढी एकादशीला आनंदी स्वामींची पालखी निघायची, तेव्हा प्रल्हाद शिंद्यांचा विठ्ठल. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, तेव्हाही प्रल्हाद शिंदेच, पण आता भीमगीतं. एकच पहाडी गळा दोन्ही दिवशी गावभर घुमायचा आणि दोन्ही दिवशी तितकाच खरा वाटायचा. आम्हा पोरांना बराच काळ असं वाटे की हा माणूस जालन्यातच कुठेतरी राहत असणार, सणावाराला बोलावणं गेलं की येत असणार. जयंतीच्या गाण्यांमागे वामनदादा कर्डक होते, हे फार उशिरा कळलं. १९२२ ते २००४ एवढ्या आयुष्यात ते गावोगाव हिंडले, गाणी लिहिली, उभं राहून गायली आणि लोकांच्या तोंडी ठेवून पुढच्या गावी गेले. ज्या वस्तीत पुस्तक पोचलं नव्हतं तिथे बाबासाहेबांचं चरित्र त्या गाण्यांवर बसून पोचलं. आमच्या वर्गात इतिहासाच्या बाई सन विचारायच्या, तेव्हा जयंतीच्या मिरवणुकीत नाचणारी पोरं मनातल्या मनात कडवं म्हणून उत्तर द्यायची. त्यांचं उत्तर चुकत नसे.

उरुसात कव्वालीचा फड लागला की गल्लीतली सगळी जात-पात एका सतरंजीवर. कव्वालीतलं उर्दू निम्म्यांना कळायचं नाही, पण दाद द्यायला भाषा लागत नाही, शेजारी लागतो. तो 'वाह' म्हणाला की आपण म्हणायचं. तसं म्हणता म्हणता कधीतरी आपला 'वाह' त्याच्या आधी निघतो. रसिकतेचं शिक्षण याहून वेगळं काही असतं, यावर माझा विश्वास नाही.

खरं तर गाण्याच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याने जरा तोऱ्यातच राहायला हवं. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात जास्त लोकांनी, सगळ्यात जास्त सुरांत एकाच वेळी गायलेली रचना कोणती? गणपतीची आरती, 'सुखकर्ता दुखहर्ता'. ती रचली समर्थ रामदासांनी, असं परंपरा सांगते, आणि समर्थ घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे, जन्म १६०८ चा. मंगेशकरांनी ती आरती ध्वनिमुद्रित केली आणि तिला सूर मिळाला. पण घराघरांतली आरती अजून स्वतंत्र बाण्याची आहे. एकजण उंच पट्टीत सुरू करतो, दुसरा खालून सावरतो, टाळवाला दोघांनाही जुमानत नाही, आणि नागाच्या जागी फळीला वंदन करणारं एक कार्टं प्रत्येक घरात असतंच. तरी आरती पडत नाही. कुठल्या मैफलीचं असं भाग्य आहे?

या समर्थांचीच आणखी एक कथा आमच्याकडे सांगतात. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता, मंगलाष्टकं सुरू झाली, 'सावधान' हा शब्द कानी पडला आणि नवरदेव मांडवातून पळाला तो थेट नाशिककडे. तिथे टाकळीला त्यांनी तपश्चर्या केली. मंगलाष्टकं तेव्हापासून आजपर्यंत किती लग्नांत गायली गेली असतील! भटजी गातात, हौशी आत्या गातात, चाल सोडून मामा गातात. इतक्या श्रोत्यांत शब्द नीट ऐकणारा एकच निघाला, तो जांबचा. बाकीचे आम्ही अक्षता कधी टाकायच्या एवढ्याकडेच लक्ष ठेवून असतो. प्रत्यक्ष ऐकलेलं गाणं माणसाचं आयुष्य बदलतं, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

घरात गाणं आलं ते रेडिओवरून. परभणीचं आकाशवाणी केंद्र १९६८ साली सुरू झालं आणि आमच्या भागातल्या लोकांना कळलं की आपली बोलीही रेडिओत बसते. फर्माईशीच्या कार्यक्रमात गाण्याआधी नावं वाचली जात. परतूर, मंठा, सेलू, जिंतूर असं करत, आई, वडील, भाऊ, वहिनी आणि शेवटी 'समस्त मित्रमंडळ'. नावं संपेपर्यंत आमचा चहा उकळून व्हायचा. मला गाण्यापेक्षा नावांचीच गोडी होती. ज्या माणसाचं नाव एकदा रेडिओवर आलं, त्याला पुढे गावात कुणी कमी लेखत नसे. तो गाणं गायला नव्हता, वाजवायला नव्हता, त्याने फक्त पोस्टकार्ड टाकलं होतं. पण ते गाणं त्याच्या नावावर चढलं ते चढलंच, अगदी सातबाऱ्यासारखं.

शास्त्रीय गाणंही माझ्यापर्यंत आवडीने आलं नाही, सक्तीनेच आलं. अंबडला दत्तजयंतीच्या सुमारास संगीताचा उत्सव भरतो. गोविंदराव जळगावकरांचं नाव त्या गावाच्या गाण्याशी जोडलेलं. मार्गशीर्षातली थंडी, कानाला मफलर, आणि वडील मला बरोबर न्यायचे कारण घरी मला सांभाळायला कुणी नसायचं. पुढच्या रांगेत जाणकार बसत. मागे माझ्यासारखे आणलेले. मध्ये ज्यांना महाप्रसादापर्यंत वेळ काढायचा होता ते. गायक तंबोरे लावू लागले की मला वाटायचं गाणं सुरू झालं. गाणं सुरू झालं की वाटायचं अजून तंबोरेच लागताहेत. विलंबितात मी झोपायचो आणि तराण्याला दचकून उठायचो. पण झोपेतही काहीतरी कानात साचत गेलं असणार. कारण पुढे कॉलेजात कुणाच्या तरी खोलीवर एक राग लागला आणि मला एकदम थंडी वाजली, सतरंजीचा वास आला, वडिलांच्या शालीचं टोक आठवलं. मला गाणं आवडलं म्हणून मी बसलो नव्हतो. बसलो म्हणून आवडलं.

गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला मात्र कुणी न्यावं लागत नसे. तिथे निवेदक चिठ्ठ्या वाचायचा, शंभर रुपयांचं बक्षीस देणाऱ्याचं नाव दोनदा घ्यायचा आणि 'वन्स मोअर' आला की गायकापेक्षा ढोलकीवाला जास्त खूश व्हायचा. रेकॉर्डीतलं गाणं कधी चुकत नाही, म्हणून ते गोष्ट सांगण्याच्या लायकीचं नसतं. ऑर्केस्ट्रात गायिका दुसरं कडवं विसरली, वीज गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत पब्लिकनेच गाणं तोलून धरलं, हे लोक नातवंडांना सांगतात. पुढे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. नियम रास्त आहेत, म्हाताऱ्यांना झोप लागते, परीक्षेची पोरं अभ्यास करतात. पण दहाच्या ठोक्याला हवालदार मंडपाशी आला आणि गाणं अंतऱ्यात तुटलं, तर सगळा जमाव ते उरलेलं गाणं गुणगुणत घरी जातो. पूर्ण झालेलं गाणं मांडवात राहतं. तुटलेलं बरोबर येतं.

आता गावात कराओकेचे ग्रुप झाले आहेत. ३१ जुलैला रफीसाहेबांची पुण्यतिथी, ४ ऑगस्टला किशोरकुमारची जयंती. चार दिवसांच्या अंतराने तेच हॉल, तेच गायक, फक्त बॅनर बदलतं आणि आवाज बदलत नाही. निवृत्त बँकवाले गातात, बियाण्यांचे व्यापारी गातात, डॉक्टर गातात. डॉक्टरांना टाळ्या जास्त पडतात, कारण समोर त्यांचे पेशंट असतात आणि पुढची तारीख घ्यायची असते. कुणी हसेल, मी हसत नाही. दिवसभर हिशेब घालणारा माणूस संध्याकाळी डोळे मिटून प्रेमभंगाचं गाणं म्हणतो. बायको पहिल्या रांगेत शांतपणे ऐकते. कोण ती, हे ती विचारत नाही, कारण ते गाणं त्या माणसाचं नाहीच. त्याच्या गल्लीतल्या कुठल्यातरी लग्नाचं आहे.

इतक्या वर्षांनी एक गोष्ट ध्यानात येते. जी गाणी मी निवडून, जपून, पुन्हा पुन्हा ऐकली, ती ऐकून ऐकून गुळगुळीत झाली. ती आता कशाचीच आठवण देत नाहीत, फक्त छान वाटतात. आणि जी मला आवडत नव्हती, जी तीन-तीन दिवस कानावर आदळली, त्यांत मात्र सगळं जसंच्या तसं आहे. शेजारच्या ताईच्या लग्नात वाजलेलं एक सिनेमातलं गाणं वडिलांना अजिबात सहन व्हायचं नाही. "हे काय गाणं आहे?" म्हणून ते दार लावून घ्यायचे. ताई सासरी गेली, वर्षं गेली. एकदा वडील दाढी करताना तेच गाणं शिळेवर घुमवत होते. मी बघतोय हे कळल्यावर त्यांनी अभंगाकडे वळण घेतलं, पण चाल तीच राहिली.

मोबाइलचं तसं नाही. तो फार अदबीने वागतो. मला काय आवडतं ते लक्षात ठेवतो आणि तसलंच आणखी आणून देतो. नावडतं काही देतच नाही. माइकवाल्याला माझ्या आवडीशी कर्तव्य नव्हतं, त्यामुळे त्याने मला माझ्या आवडीच्या बाहेरचं बरंच काही दिलं, दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांचे देव, दुसऱ्यांच्या जयंत्या. माझे कान जो काही शेजारधर्म शिकले तो त्याच्या उपद्व्यापातून.

परवा पुतणीचं लग्न झालं. तिने आधी महिनाभर बसून गाण्यांची यादी केली होती, हळदीची वेगळी, प्रवेशाची वेगळी, पंगतीची वेगळी, आणि पेनड्राइव्ह माझ्या हाती देऊन बजावलं होतं, "काका, हीच गाणी, दुसरं काही नको." मी तो साउंडवाल्याकडे नेला. पोरगेलासा होता, कानात बाळी. पेनड्राइव्ह उलटसुलट करून म्हणाला, "सिस्टीमला लागंना हे काका." आणि त्याने त्याचं लावलं. दिवसभर तेच, एकच, मधून मधून दुसरं आणि पुन्हा तेच. पुतणी रुसली, व्याही हसले, पंगतीतली पोरं ताटावर ठेका धरू लागली. अजून वीस वर्षांनी ते गाणं कुठे लागलं तर पुतणी नाक मुरडेल आणि पुढची ओळ बिनचूक म्हणेल, याबद्दल मला शंका नाही. रात्री मी साउंडवाल्याचे ठरलेले पैसे दिले आणि वर शंभर रुपये बक्षीस. कशाबद्दल ते त्याला काही कळलं नाही. त्याने ते खिशात घातले आणि निरोप म्हणून तेच गाणं पुन्हा लावलं.