ब्रेक कोणी लावला?

आषाढ संपून श्रावण लागायच्या सुमारास मराठी वर्तमानपत्रांत एक मथळा दरवर्षी न चुकता येतो: ‘पावसाला ब्रेक’. वाचताना वाटतं, पाऊस कोकणातून घाट चढून भरधाव येत होता आणि कोणीतरी पेडलवर पाय दिला. हवामानाच्या अभ्यासकांना विचाराल तर तो ब्रेक गाडीतला नव्हेच. ‘ब्रेक मॉन्सून’ ही त्यांची जुनी संज्ञा आणि तिच्यातला ब्रेक म्हणजे खंड. कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो, तिकडे धो धो कोसळतं आणि आपल्याकडे पेरणी केलेला माणूस आभाळाकडे बघत बसतो. म्हणजे पाऊस थांबलेला नसतो, दुसऱ्याच्या दारी गेलेला असतो. पण हे मथळ्यात कुठे मावणार?

इंग्रजीत या दोन ब्रेकांची स्पेलिंगं वेगळी. गाडी थांबवणाऱ्याच्या शेवटी ‘ए-के-ई’, खंड पाडणाऱ्याच्या शेवटी ‘ई-ए-के’. शाळेत यावर मार्क जायचे. देवनागरीने हा तंटाच मिटवून टाकला आणि दोघांना एकच नाव दिलं. परिणाम असा झाला की आपल्याकडे ब्रेक थांबवतोही आणि सुरूही करतो. चाळीतल्या कॅरमवर ‘ब्रेक कोण घेतंय?’ असं विचारतात तेव्हा खेळ सुरू व्हायचा असतो, आणि पहिल्याच हाताला सगळ्या सोंगट्या घेऊन बसणारा एखादा महाभाग असला तर बाकीच्यांसाठी तो तिथेच संपतोही. नाटकातल्या मुलीला मालिकेत ‘ब्रेक मिळाला’ की तिची गाडी सुटते. त्याच मालिकेत नायिकेच्या हातातून पूजेचं ताट पडत असताना ‘ब्रेक’ येतो तेव्हा ताट साबण, मसाला आणि सिमेंटच्या जाहिराती संपेपर्यंत हवेत राहतं. तासाला बाराच मिनिटं जाहिराती दाखवाव्यात असा नियम आहे म्हणे. ताटाच्या बाबतीत तो पाळलेला दिसत नाही.

नाम इंग्रजीकडून आणलं खरं, पण त्याला जोडलेली क्रियापदं आपली घरची आहेत आणि खरी गंमत तिथे आहे. ब्रेक आपण मारतो, लावतो, दाबतो, घेतो, देतो. रिक्षावाला तो कचकन मारतो, एसटीचा ड्रायव्हर करकचून दाबतो, आणि नवी गाडी घेतलेला माणूस सोसायटीच्या आवारात इतक्या हळुवारपणे लावतो की पाहणाऱ्याला गाडीची काळजी वाटावी. या सगळ्या क्रियापदांना कर्ता असतो. आणि मग एक क्रियापद असं आहे की ज्याला कर्ताच लागत नाही: ब्रेक लागतो.

हे ‘लागणं’ फार सोयीचं आहे. ‘काच फुटली’ म्हणणारं पोर आणि ‘दूध उतू गेलं’ म्हणणारा घरातला पुरुष हे मराठी व्याकरण आईच्या मांडीवरच शिकतात. मोठेपणी चौकात पुढच्या गाडीचा मागचा दिवा फोडल्यावर तेच कामी येतं. ‘अहो, ब्रेक लागलाच नाही!’ म्हणजे मी होतो, गाडी होती, पायही जागेवर होता, पण ब्रेकाच्या मनात नव्हतं. ‘मी ब्रेक दाबला नाही’ असं वाक्य मराठीत व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण रस्त्यावर ते कोणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही. तिथून हे क्रियापद बिनदिक्कत घरात आणि कचेरीत शिरतं. धाकट्याच्या लग्नाला ब्रेक लागला. पुलाच्या कामाला ब्रेक लागला. भरतीला, बढतीला, बदलीला ब्रेक लागला. लावला कोणी, हे विचारायची पद्धत नाही.

गतिरोधकाचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या निकषाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी त्याच्यावरून अलगद चढून उतरावी. आपल्या गल्लीतला गतिरोधक रात्रीत उगवतो, वीतभर रुंद आणि गुडघ्याला लागेल इतका उंच असतो, आणि त्याचा कर्ता शेवटपर्यंत सापडत नाही. नगरपालिका म्हणते आम्ही नाही, आणि रहिवासी म्हणतात झाला ते बरं झालं.

आता न्यायाने हेही सांगायला हवं की एका ठिकाणी ब्रेक खरोखरच आपोआप लागतो. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन माणसाने १८६९ मध्ये आगगाडीसाठी हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. पहिल्या रचनेत नळीत दाबाची हवा सोडली की ब्रेक लागायचा. पण मध्येच नळी फुटली, डबे सुटले, तर हवा गेली आणि तिच्याबरोबर ब्रेकही. तीनेक वर्षांत त्याने सगळा विचार उलटा केला. नव्या रचनेत नळीतल्या हवेचा दाब ब्रेक लावत नाही, तो ब्रेकला दूर धरून ठेवतो. दाब गेला की ब्रेक लागलाच. नळी फुटो, डबा तुटो, गाडी थांबणार. पुढे आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेला व्हॅक्यूम ब्रेक आणि हल्लीच्या मोठ्या बस-ट्रकांचा पार्किंग ब्रेक यांची बुद्धी हीच. पहाटेच्या मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर इंजिन सुरू करून ‘जरा प्रेशर भरू द्या’ म्हणत चहा पितो, तो उगीच नाही. ब्रेक लागलेला असणं ही तिथली मूळ अवस्था. चालण्यासाठी खटपट करावी लागते.

सरकारी फाईल याच तत्त्वावर चालते, हे ज्याने एकदा तरी वारसाची नोंद करून घेतली आहे त्याला समजावून सांगायला नको. ती कोणी अडवत नाही. ती मुळात थांबलेलीच असते. दाब दिला की सुटते, दाब उतरला की जिथे असेल तिथे पुन्हा लागते. वेस्टिंगहाउसने हे सुरक्षिततेसाठी केलं होतं, आणि विचारलं तर कचेरीही तेच कारण सांगेल.

रेल्वेची साखळी म्हणजे याच नळीला प्रवाशाच्या हाती दिलेलं एक तोंड. ओढली की दाब बिघडतो आणि ब्रेक लागतो. पण इथे मात्र कायदा ‘लागला’ ऐकून घेत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १४१ वं कलम विनाकारण साखळी ओढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. त्यामुळे गाडी थांबल्याबरोबर ‘कोणी ओढली?’ असा प्रश्न घेऊन माणसं डब्यातून फिरतात. ब्रेकाचा कर्ता इतक्या आस्थेने शोधला जातो अशी ही देशातली एकमेव जागा असावी. तो तोवर पलीकडच्या दाराने उतरून शेतातून घरी निघालेला असतो, ही गोष्ट वेगळी.

ब्रेकाची खरी परीक्षा घाटात. लोणावळ्याहून कर्जतला उतरणारा लोहमार्ग ३७ फुटांना एक फूट असा उतार घेतो. रेल्वेच्या हिशेबाने हा फार तीव्र. पळसदरीच्या बाजूला खिडकीशी बसणाऱ्यांनी मुख्य रुळांपासून फुटून एकदम चढावर गेलेले आणि पुढे कुठेच न पोचणारे रूळ पाहिले असतील. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. उतरणारी गाडी ताब्यात आहे हे सिद्ध होईपर्यंत मार्ग तिकडेच वळवलेला असतो. ताबा सुटलेली गाडी चढावर जाऊन आपोआप दमावी, अशी योजना. ब्रेक ‘लागला नाही’ तर काय, याचा विचार कोणीतरी १०० वर्षांपूर्वीच करून ठेवलाय, हे वडा खाताना कोणाच्या लक्षात येत नाही. कर्जतच्या वड्याचा संबंध अर्थात ब्रेकाशी नाही, घाट चढायला मागून लावतात त्या बँकर इंजिनांशी आहे. ती लागेपर्यंत वडा संपतो.

रस्त्यावरच्या घाटात जुने ड्रायव्हर एकच मंत्र देत: ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारा माणूस सगळं ओझं ब्रेकांवर टाकतो. गाडीचा वेग नाहीसा होत नसतो, त्याची उष्णता होते. ती लायनरात साठते, पकड ढिली पडते, ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जातं. ऑइल हे नावापुरतंच. ते तेल नव्हे, ग्लायकॉलसारखं द्रव्य असतं, आणि हवेतली ओल पिऊन घेतं. म्हणून दोनेक वर्षांनी बदलायचं. आपण सीट कव्हर बदलतो.

सायकलीचा पहिला धडा प्रत्येक मराठी घरात एकच होता: ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील.’ वास्तविक ब्रेक लावला की भार पुढे सरकतो आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढचं चाकच करतं. पण लहानपणी बसलेली भीती स्कूटरवर आणि तिथून मोटरसायकलवर आपल्याबरोबर आली. शेवटी एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र जोडणारी रचना निदान असलीच पाहिजे असं ठरलं. मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. पुण्यातल्या लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा पुढचा ब्रेक वापरला आणि त्यांना ते अजून ठाऊक नाही.

अशीच फसगत ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सुखाने चालते. नियमाने तिथे शिकवणाऱ्याच्या पायाशीही पेडल असतात. शिकणारा घरी येऊन सांगतो, ‘आज म्हैस मध्ये आली, पण मी बरोब्बर ब्रेक मारला.’ शेजारचे मास्तर काही बोलत नाहीत. साध्या गाडीत ती सोय नसते, म्हणून ‘अहो, ब्रेक!’ असं ओरडत पायाखालचं मॅट दाबणाऱ्या बायका दिसतात. आणि नवऱ्याला शेजारी बसवून बायको गाडी चालवत असेल तर नवऱ्याचा पाय काय करतो ते एकदा पाहा. मॅट तर त्याच बाजूचं आधी फाटतं.

या सगळ्या क्रियापदांत मला खटकतं ते एकच. बाळंतपणानंतर नोकरी सुटलेल्या बाईबद्दल लोक म्हणतात, ‘तिने ब्रेक घेतला.’ पाळणाघर परवडलं नाही, सासूबाईंचे गुडघे दुखत होते, नवऱ्याची बदली झाली, कंपनीने वेळ बदलून दिली नाही, चौघांनी चार बाजूंनी पेडल दाबलं, आणि वाक्यात कर्ता म्हणून ती एकटी. तिथे आपल्याला ‘लागला’ आठवत नाही. चौकात दिवा फोडणाऱ्याला जी सवलत भाषेने हसत दिली, ती हिला मात्र दिली नाही. पुढे मुलाखतीत तिला विचारतात, ‘एवढा ब्रेक का घेतलात?’ आणि ती बिचारी नीट उत्तर जुळवत बसते.

तेव्हा मथळे लिहिणाऱ्या उपसंपादक मंडळींना एक विनंती आहे. ‘पावसाला ब्रेक’ खुशाल छापा, पाऊस काही अब्रुनुकसानीचा दावा लावणार नाही. पण पुलाला, शाळेच्या खोल्यांना, पाणीयोजनेला ब्रेक लागला असेल तेव्हा तो कोणी लावला हे निदान दुसऱ्या ओळीत येऊ द्या. जागा कमी पडत असेल तर ‘लागला’ हा शब्द काढा.