१९५० ची रोजगार हमी

रोजगार हमी योजना महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात आली, असे सांगतात. मुंबईत ती एप्रिल १९५० मध्येच सुरू झाली होती. सरकारदरबारी तिचे नाव दारूबंदी होते, एवढेच.

मोरारजीभाईंच्या या योजनेने कुणाकुणाची चूल पेटवली! खाडीकाठी हातभट्ट्या लागल्या. काळ्या गुळाला आणि नवसागराला कधी नव्हे तो भाव आला. टायरच्या ट्यूबा हवेऐवजी दारूने फुगू लागल्या. आंट्यांनी बाहेरच्या खोलीत बाकडी टाकली, बशीत चणे ठेवले. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे, म्हणजे फेणीला परदेशी मालाचा रुबाब. गोदीत तर बोटी थेट विलायतेहून यायच्या. व्ही.टी.वर ओझी वाहणारा वरदराजन मुदलियार याच धंद्यात पुढे ‘वरदाभाई’ झाला. हमालाला एवढी बढती कुठल्या कामगार खात्याने दिली असती?

सुशिक्षितांचीही सोय होती. प्रकृतीसाठी मद्य आवश्यक, असा डॉक्टरचा दाखला जोडला की परवाना मिळे. त्यामुळे बंगल्यांतून आजारपण फार वाढले. चाळीत मात्र सगळे ठणठणीत, म्हणून ते हातभट्टीची पीत आणि लॉकअपमध्ये जात.

सरकारचा अबकारी महसूल बुडाला, अशी ओरड झाली. बुडेल कसा? तो तिजोरीऐवजी हफ्त्याच्या रूपाने थेट चौकीत जमा होऊ लागला. मधले कारकून, पावत्या, हिशेबतपासणी, सगळी कटकट वाचली. एवढा सुटसुटीत कारभार सचिवालयाला कधी जमला नाही. आणि धाड पडणार असली की निरोप आधी येई, कारण मुंबईचा माणूस पाहुणचारात कमी पडत नाही.

मूळ कायद्यात दारूची भलामण करणे हाही गुन्हा होता. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. नाहीतर हे सदर लिहिणाऱ्याला जामीन शोधावा लागला असता.

साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने परवाने सैल केले, आणि इतके हात एका फटक्यात बेकार झाले. सगळे नव्हेत. भट्टी अजून लागते. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली.

१९४९ चा तो कायदा आजही लागू आहे आणि प्यायला आजही परवाना लागतो. वाचकहो, पुढच्या वेळी परमिट रूममध्ये बसाल तेव्हा आपले परमिट खिशात आहे ना, तेवढे बघून घ्या.