जरा घोडा बदलून बघतो

बुद्धिबळ खेळणारे आणि खेळणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावून चाली सांगणारे, अशा दोनच जाती पूर्वी होत्या. आता तिसरी निघाली आहे : पट सजवणारे. डिसेंबर 2024 मध्ये 18 वर्षांचा गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला, पुढच्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आमच्या खानदेशात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर बुद्धिबळ उतरलं. बहुतेकांनी चार डाव हरून ते काढून टाकलं. नाना टिकले, कारण नानांना पहिल्याच संध्याकाळी, डाव सापडण्याआधी, सेटिंगचं पान सापडलं.

नाना जळगावचे, निवृत्त, रिंग रोडला राहणारे. तुमच्या गावातही ते असतील; तिथे त्यांना तात्या किंवा अण्णा म्हणत असतील. खूण सांगतो. पाच मिनिटांचा डाव चालू आहे, समोरचा कोणी ब्राझीलचा पोरगा अंगावर आला आहे, राजा उघडा पडला आहे, आणि नाना म्हणतात, "थांबा, जरा घोडा बदलून बघतो." घोडा हलवून नव्हे, बदलून. या घोड्याची आयाळ त्यांना पसंत नसते. दुसरा घोडा निवडून परत येईपर्यंत घड्याळ संपलेलं असतं. नानांना शह-मात करून हरवणारे फार थोडे. बाकी सगळे वेळेवर जिंकतात.

ऑनलाइन बुद्धिबळ खेळायला लिचेस हे त्यांचं आवडतं ठिकाण. तिबो दुप्लेसी नावाच्या फ्रेंच माणसानं ते 2010 मध्ये सुरू केलं. फुकट आहे, जाहिरात नाही, त्याचा सगळा कोड कोणालाही उघडून बघता येतो. जग यासाठी त्याचं कौतुक करतं. नानांच्या लेखी या गोष्टी किरकोळ. त्यांचा जीव मोहऱ्यांच्या संचांत, आणि ते तिथे डझनांनी आहेत. एका संचात मोहऱ्यांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, एकात भूमितीचे आकार, एकात जुन्या व्हिडिओ गेमसारखे ठोकळे, आणि एकात तर राजापासून प्याद्यापर्यंत सगळ्यांची तोंडं घोड्याची. त्या शेवटच्या संचावर नाना बरेच दिवस खेळले. एकदा स्वतःच्या हत्तीलाच घोडा समजून अडीच घरं उडवत बसले. तो उडेना, तेव्हा मोबाइल हँग झाला म्हणून बंद करून पुन्हा चालू केला.

पटाचा रंग ऋतूप्रमाणे. मे महिन्यात जळगावचा पारा 45 ला टेकला की नाना चेस डॉट कॉमवर जातात आणि तिथला बर्फाळ समुद्राचा निळसर पट लावतात. कूलरपेक्षा त्यानं जास्त गारवा वाटतो असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात हिरवा. हा हिरवा मात्र तयार मिळालेला त्यांना चालेना. काळी घरं केळीच्या पानाची आणि पांढरी घरं भरताच्या वांग्याची हवीत; जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, मग आपल्या पटानं काय घोडं मारलं? (बाहेरच्या वाचकांसाठी : आमचं भरताचं वांगं जांभळं नसतं, फिक्या हिरव्या रंगाचं असतं.) लिचेसवर मागे स्वतःचं चित्रही लावता येतं, हे कळल्यावर त्यांनी रावेरकडचा केळीचा बाग लावला. बागेत पट, पटावर हिरवे मोहरे. त्यानंतरचे सहा डाव नानांनी निव्वळ श्रद्धेवर खेळले.

या कलेचा दुसरा आधारस्तंभ धुळ्याला आहे. ते नानांचे साडू, अप्पा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, पण थीम वेगळ्या. नाना पटाच्या कडेचे आकडे आणि अक्षरं काढून टाकतात. सुंदर वस्तूवर नंबर घालू नये, असं सोन्याच्या पेढ्यांच्या गावातल्या माणसाला वाटणारच. अप्पांना आकड्यांशिवाय चैन पडत नाही. धुळ्याच्या जुन्या पेठेत गल्ल्यांना नंबर आहेत, रस्ते सरळ एकमेकांना काटकोनात छेदतात, आणि सगळा जन्म तिथे काढलेल्या माणसाला बुद्धिबळाचा पट म्हणजे घरचाच पत्ता. अप्पा फोनवर सांगतात, "नाना, तुमना उंट गल्ली नंबर चारमा अडकेल शे." आणि तो खरंच तिथे अडकलेला असतो.

वाद पेटतो तो हत्तीवरून. पडद्यावर हत्ती म्हणून जे उभं असतं तो दगडी बुरूज, आणि उंटाच्या जागी ख्रिस्ती धर्मगुरूची चिरलेली टोपी. हा आकार 1849 चा. लंडनच्या जॅक्स कारखान्यानं तो बाजारात आणला, नोंदणी नॅथॅनिअल कुक यांच्या नावावर झाली, आणि नाव मिळालं ते त्या वेळचे मोठे खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांचं. त्याआधी जो तो आपापल्या आवडीचे मोहरे घेऊन येई आणि समोरच्याला राजा कोणता नि वजीर कोणता हेच उमगत नसे. म्हणजे नानांच्या रोगावर औषध सुमारे 175 वर्षांपूर्वीच निघालं होतं. सर्व जगानं ते घेतलं. नानांना मात्र सोंडेचा हत्ती आणि मानेचा उंट हवा आहे, आणि तो मिळेपर्यंत ते संच पालटत राहणार. अप्पांची बुरजाला हरकत नाही. त्यांनी मागे लळिंगच्या किल्ल्याचा फोटो लावला आहे. बुरूज तिथे शोभून दिसतो. नानांनी आपला नवा घोडा पाठवला तेव्हा अप्पांनी एवढंच विचारलं, "हाऊ घोडा शे का गधडं?" दोन्ही घरांत तीन दिवस बोलणं बंद होतं. बहिणींचंसुद्धा.

आता यातली खरी गंमत. ही सजावट समोरच्याला दिसतच नाही. ब्राझीलचा पोरगा त्याच्या स्वतःच्या पटावर खेळत असतो. इकडे केळीचा बाग आहे याची त्याला दाद ना फिर्याद. धोतराच्या आतल्या बाजूला जरीकाठ लावावा तसा हा थाट. मग कौतुक करणार कोण? म्हणून नाना डावाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. एकदा खाली लिहिलं, "वजीर कसा वाटतो?" पुण्याच्या भाच्यानं विचारलं, "मामा, तुमचा वजीर कुठे आहे?" वजीर केव्हाच मारला गेला होता. नानांनी उत्तर दिलं, "होता तेव्हा छान दिसायचा."

रंगांपर्यंत घरच्यांची तक्रार नव्हती. मग नानांना आवाज सापडले. मोहरा ठेवल्याचा आवाज, मारल्याचा आवाज, शहाचा आवाज, वेळ संपत आल्याचा आवाज. आणि हे सगळे पुन्हा लाकडी, पियानोचे, रोबोचे, जुन्या व्हिडिओ गेमचे. नाना दर आवाज मोठा करून ऐकतात, कारण कूलर चालू असतो. लाकडी ठोक्याला नानी दार उघडायला जायच्या. पियानोला शेजारी विचारायचे, नातवाला क्लास लावला का? दुपारी नानींनी शेवटी सांगितलं, "आते तो आवाज बंद करा ना, पोऱ्या झोपेल शे." नानांनी बंद केला नाही, बदलला. चाल मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय असते, ती लावली. अमळनेरला एका स्थळाच्या बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघून दोन्ही बाजू गप्प बसल्या असताना नानांच्या खिशातून एक बाई इंग्रजीत घोड्याची चाल सांगू लागली. मुलीकडच्यांनी तो इशारा समजून आकडा खाली आणला. घरात नानांना मान मिळाल्याची एवढीच नोंद आहे.

कुणीतरी त्यांना सांगितलं की तिमूर गरेयेव नावाचा ग्रँडमास्टर 2016 मध्ये लास व्हेगासला डोळे बांधून एकाच वेळी 48 पटांवर खेळला. रंग नाही, आवाज नाही, समोर मोहरेच नाहीत, सगळं डोक्यात. नाना बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "पण डोक्यातला पट कुठल्या रंगाचा होता?" उपहास करायला सोपं आहे, पण प्रश्न वाईट नाही. मी तरी तो दुसऱ्या कुणाला विचारताना ऐकलेला नाही.

जळगावात जैन स्पोर्ट्स अकादमीमुळे समोरासमोरच्या स्पर्धांना तोटा नाही. एका खुल्या स्पर्धेत नाना उतरले. मोबाइल बाहेर जमा, सभागृहात शांतता सक्तीची, टेबलावर स्टाँटनचे साधे मोहरे. बदलायला काही नाही. पण बुद्धिबळाच्या नियमांत एक कलम जणू नानांसाठीच लिहिलेलं आहे : आपली चाल असताना, आधी तसं सांगून, मोहरा घरात नीट सरकवून ठेवता येतो. फ्रेंचमध्ये 'जादूब' म्हणतात, 'अ‍ॅडजस्ट करतो' म्हटलं तरी चालतं. नानांनी म्हटलं. सोळाच्या सोळा मोहरे घराच्या मधोमध आणले. दोन्ही घोड्यांची तोंडं एका दिशेला केली. मग प्रतिस्पर्ध्याचे घोडे वाकडे दिसू लागले, तेही सरळ केले. समोर पाचवीतली मुलगी होती; ती हात बांधून घड्याळाकडे बघत बसली. नाना त्या दिवशी हरले. पंचांनी मात्र मान्य केलं की सभागृहात सर्वांत नीट लावलेला पट त्यांचाच होता.

नानांचं रेटिंग सुरुवातीला 800 च्या आसपास होतं आणि आजही आहे. या काळात ग्रुपवरच्या निम्म्या लोकांचा पट त्यांनी लावून दिला. माझाही त्यांनीच लावला. आवाज बंद करायचं बटण कुठे आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

जळगाव-धुळे बसमध्ये शेजारी पांढऱ्या शर्टाचे, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ बसले आणि तुमच्या मोबाइलकडे मान वाकडी करून बघू लागले, तर डाव एरंडोलच्या आत आटपा. त्यांनी "घोडा असा का ठेवला?" असं विचारलं तर ते चाल विचारत नाहीयेत, हे ध्यानात असू द्या. आणि फोन हातात दिलातच, तर तुमचा राजा तुम्हाला ओळखू येईपर्यंत फागणं आलेलं असेल.