बिनमिठाचं कौतुक

माझ्या हाताला चव आहे. घरात कुणी तसं म्हणत नाही, तो भाग वेगळा. त्यामुळे पुण्याहून लेकीचा फोन आला, "आई, ब्रूनोच्या ट्रीट्स तू घरीच करून पाठवशील का? विकतचं पाकीट फार महाग पडतं," तेव्हा मी रीतीप्रमाणे आधी आढेवेढे घेतले. आता कुत्र्याची आचारीण व्हायचं का, वगैरे. फोन ठेवला आणि लगेच ज्वारी निवडायला बसले.

ट्रीट म्हणजे, 'बैस' म्हटल्यावर कुत्रा बसला तर द्यायचं बक्षीस. आमच्या गल्लीतली कुत्री कुणी न सांगता दिवसभर बसून असतात, त्यांना कुणी कधी काही दिलेलं मी पाहिलं नाही.

लेकीनं यादी धाडली. ज्वारीचं पीठ, लाल भोपळा, शेंगदाण्याचं कूट, एक अंडं. मीठ नाही, साखर नाही. कांदा-लसूण अजिबात नाही, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-मनुका नकोत, मूत्रपिंडं निकामी होतात. चॉकलेट नको. आणि बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये घालतात ते झायलिटॉल तर कुत्र्याला सरळ विषच. आमच्या ह्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. यादी हातात घेऊन ते म्हणाले, "माझ्या डॉक्टरची चिठ्ठी पोरीकडं कशी काय गेली?"

आता ज्वारीचं नाव निघालंच आहे तर कडक भाकरीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. घाई असेल त्यांनी खालचे दोन-तीन परिच्छेद गाळावेत. ज्वारी मालदांडीच हवी. पीठ ताजं हवं. शिळ्या पिठाची विरी जाते, मग भाकरी काठाला चिरत जाते आणि बाई उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसते. पाणी उकळतं हवं. मळताना तळहाताची टाच लागली पाहिजे, बोटांनी मळलेलं पीठ मला लांबून ओळखू येतं. मग थापत थापत इतकी पातळ करायची की खालची परात दिसते की काय असं वाटावं. वरून तीळ. तव्यावर भाजली की निखाऱ्यापुढं उभी करून सगळं पाणी आटवायचं. अशी भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. आमच्या उमरग्यातून हैदराबादला जा नाहीतर पुण्याला, पोराच्या बॅगेत ती असतेच, शेजारी शेंगाचटणीची पुडी. मोडताना तिचा कडाड् आवाज आला पाहिजे. माझ्या भाकरीचा येतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की कुत्र्याच्या बिस्किटाचा जन्मही कडक भाकरीच्याच भावकीतला आहे. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन 1860 च्या सुमारास विजेपासून बचाव करणाऱ्या सळया विकायला इंग्लंडात गेला. तिथं बंदरावर जहाजांतली टणक, वाळकी बिस्किटं कुत्री चघळताना त्यानं पाहिली, असं सांगतात. सळया राहिल्या बाजूला, तो कुत्र्यांची बिस्किटं काढून मोठा झाला. त्याच्याकडं नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रफ्टनं पुढं 1891 मध्ये ते जगप्रसिद्ध कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं. हाच स्प्रॅट उमरग्याच्या स्टँडवर उतरला असता, तर त्याला यंत्रबिंत्र काही लागलं नसतं. माझ्या सासूबाईंनीच त्याला दुरडीभर काढून दिल्या असत्या, आणि वर दोन शब्द सुनावले असते.

कुत्र्याला धान्य पचतं कसं, हे स्वीडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये शोधून काढलं. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यात 2 असतात, कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर राहून कुत्रा कुत्रा झाला, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं धनगराच्या कुत्र्यानं मेंढरामागं भाकरीवरच जन्म काढला. आणि इथून सोलापूरच्या वाटेवर नळदुर्ग-अणदूरचा खंडोबा आहे. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की देवाच्या कुत्र्याचा घास निघतो, तेव्हा जनुकाची चौकशी कुणी करत नाही.

तर बिस्किटं. घरात ओव्हन नाही. मग दिवाळीला नानकटाई भाजून आणतो त्या बेकरीत पीठ घेऊन गेले. भट्टीवरच्या पोरानं गोळा हातात घेतला, वास घेतला, चिमूटभर चाटला.

"काकू, साखर इसरलाव."

"नको घालू."

"मीठ बी न्हाई. डालडा बी न्हाई. कुणासाठी करायलाव?"

मागं रांग होती, त्यात आमच्या भिशीतल्या दोघी. "पुण्याचे पाहुणे आहेत, पथ्यावर असतात," मी म्हणाले. यात खोटं एक अक्षर नाही. पोरानं फार वाईट वाटल्यासारखी मान हलवली आणि ट्रे आत सारला.

डबा ट्रॅव्हल्सनं गेला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. ब्रूनोनं बिस्किट हुंगलं, कडाड् आवाज झाला आणि त्याची शेपटी अशी सुटली की टीपॉयवरचा रिमोट खाली. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. शेजारणीला दाखवला. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालासुद्धा दाखवला.

हसू येतं खरं. पण रोज दोन वेळ भाकऱ्या थापणाऱ्या बाईला विचारा. भाकरी नीट झाली तर ताटावर कुणी बोलत नाही. जाड झाली, करपली की सगळ्यांना वाचा फुटते. याचा मला राग येतो, आणि तो या वयात जाईल असं वाटत नाही. माझी आई शेवटची भाकरी दारातल्या कुत्रीला टाकायची. तिच्या स्वयंपाकाला कुणी दाद दिल्याचं आठवायला गेलं, तर मला त्या कुत्रीची शेपटीच आठवते.

लेकीला म्हटलं, "बघ, त्याला कळते हाताची चव." ती म्हणाली, "आई, काल त्यानं वॉचमनची चप्पल खाल्ली, तेव्हाही एवढीच हलवत होता." पोटच्या पोरीनं असं बोलू नये.

राहिलेली बिस्किटं मी बरणीत ठेवली होती. ह्यांनी पथ्याचं म्हणून चहाबरोबर एक खाल्लं. मी बघत उभी. "मीठ नाही यात," म्हणाले, आणि दुसरं घेतलं.

कुणाला करायची असतील तर पीठ ताजं घ्या, लाटी पातळ ठेवा, पूर्ण वाळेपर्यंत भाजा, आणि कुत्र्याच्या दिवसभराच्या खाण्यात यांचा वाटा दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. मी बाहेरच्या ऑर्डरी घेत नाही. लेकीच्या सोसायटीतल्या एका पगकडून विचारणा आली आहे, तेवढ्याचा विचार चालू आहे.