आळेफाट्याला भरती

‘भरतीच्या दिवशी विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत लक्षणीय घट आढळून आली.’

पान ४३, निष्कर्ष क्रमांक ४. अहवालाचं शीर्षक : ‘आळेफाटा परिसरातील इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या अनियमित उपस्थितीच्या कारणांचा शोध व उपाययोजना – एक कृतिसंशोधन’. बी.एड., द्वितीय वर्ष. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. आत मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, की सदर काम माझ्या देखरेखीखाली झालं. त्यामागे संशोधिकेचं प्रतिज्ञापत्र, की हे काम माझं स्वतःचं असून यापूर्वी कुठेही सादर केलेलं नाही. त्यामागे ऋणनिर्देश : आईवडील, सासूसासरे, ग्रंथपाल, आणि ‘वेळेत टंकलेखन करून देणारे दादा’. संपूर्ण अहवालात खरं म्हणावं असं पान हेच.

आता आळेफाटा म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी इथे नाशिकच्या एसटीची वाट पाहिली आहे त्याला सांगायला नको. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना आडवे जातात आणि त्या आडवेपणावर सगळं गाव उभं आहे. इथे कांदा येतो, दूध येतं, टोमॅटोचे क्रेट येतात, लग्नसराईत वऱ्हाडं येतात. समुद्र आल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. त्याला यायचंच असेल तर कल्याणच्या खाडीतून निघून मुरबाडवरून माळशेज घाट चढावा लागेल, मग मढ, मग ओतूर; आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळली तर त्यालाही मुरबाडलाच मुक्काम.

झालं काय ते उघड आहे. मूळ अहवाल कोकणातला. कुणाचा, कधीचा, देव जाणे. टंकलेखनवाल्या दादांनी संगणकाला सांगितलं की जिथे जिथे ते गाव आहे तिथे आळेफाटा घाल. संगणकाने घातलं. तालुका बदलला, जिल्हा बदलला, मुख्याध्यापकांचं नाव बदललं. समुद्र तेवढा राहिला, कारण समुद्राच्या जागी काय घालायचं हे दादांना कोणी सांगितलं नव्हतं आणि दादा विचारणार तरी कोणाला? बाईंना घाई होती. दारात जीप उभी होती.

मग मी अहवाल पहिल्यापासून वाचला. वाचला असा कदाचित मीच पहिला. पान १२, ‘संशोधनाची गरज व महत्त्व’ : ‘आळेफाटा हे निसर्गरम्य किनारपट्टीवर वसलेले गाव असून बहुसंख्य पालकांचा पारंपरिक व्यवसाय मासेमारी हा आहे.’ पान २६, प्रश्नावली : ‘वडील होडीवर गेल्यावर घरी कोण असते?’ चाळीसपैकी बत्तीस विद्यार्थ्यांनी उत्तर दिलं आहे – आजी. ही बत्तीस मुलं कोण, हा माझा पहिला प्रश्न. आळेफाट्याच्या कुठल्या आजीचा मुलगा होडीवर गेला आहे? बरं, तेही सोडू. पान ३१ वर उपाययोजना आहे : ‘भरती-ओहोटीच्या वेळापत्रकानुसार शाळेच्या वेळेत बदल करण्यात आला.’ आणि पुढच्याच पानावर कोष्टक : पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, मध्यमान वाढलं, टी-मूल्य ०.०५ स्तरावर सार्थक, शून्य परिकल्पनेचा त्याग. थांबा. याचा अर्थ काय होतो? याचा अर्थ असा की आळेफाट्याच्या एका शाळेने समुद्राच्या घड्याळाप्रमाणे घंटा वाजवली आणि पोरं यायला लागली! शिपाईमामा रोज सकाळी पंचांग बघताहेत. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती म्हणून शाळा उशिरा, अष्टमीला भांगाची म्हणून लवकर. बेल्ह्याच्या बैलबाजारात सुरमई उतरली आहे, कांद्याच्या वखारीत जाळी वाळत पडली आहेत, ‘ओतूर-जुन्नर, ओतूर-जुन्नर’ ओरडणारा वडापवाला आता वल्हं घेऊन उभा आहे आणि चौदावी सवारी होडीच्या टोकाला लटकते आहे. चाळकवाडीला टोलऐवजी बंदराचा कर. आम्हाला पाणी चढतं-उतरतं असं एकच ठाऊक : कालव्याचं आवर्तन. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत आमच्या डोक्याशी. पण त्यांचं पाणी चंद्रावर सुटत नाही, बैठकीवर सुटतं, आणि बैठक कशावर होते ते चंद्रालाही सांगता यायचं नाही. आवर्तन आलं की मात्र उपस्थिती खरोखर घटते. पोरं रात्री बापाबरोबर पाणी धरायला असतात. हे अहवालात नाही.

या अहवालावर तीन सह्या आहेत. मार्गदर्शक, विभागप्रमुख, बहिःस्थ परीक्षक. तीन सुशिक्षित माणसांच्या डोळ्यांसमोरून अरबी समुद्र गेला आणि कोणाचा पायसुद्धा ओला झाला नाही. तोंडी परीक्षेत बहिःस्थांनी अहवाल हातात घेऊन वजन पाहिलं, शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, ‘संदर्भसूचीत प्रकाशनवर्ष कंसात का नाही?’ बाई घाबरल्या. मार्गदर्शक म्हणाले, ‘सर, करून घेतो.’ पन्नासपैकी सेहेचाळीस. चार गुण कंसाचे गेले.

कोणी म्हणेल, बाईंना संशोधनपद्धती शिकवलीच नसेल. तसं नाही, भरपूर शिकवली. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं ते काय उगाच? त्यांना रात्री दोनला उठवून विचारा : नमुना निवडीचे प्रकार? यादृच्छिक, स्तरित, गुच्छ, पद्धतशीर, सहेतुक, सोयीस्कर. घडाघडा म्हणतील. आपण घेतलेला नमुना यातला कुठला, असं मात्र विचारू नका. परजिल्ह्याच्या नमुन्याला पुस्तकात नाव नाही. चांगल्या संशोधन समस्येची वैशिष्ट्यं? सहा. कृतिसंशोधनाच्या पायऱ्या? सात, काही पुस्तकांत आठ, आणि सात की आठ यावर दोन महाविद्यालयांत अबोला असू शकतो. ‘मला प्रश्न पडला’ ही पायरी कुठल्याच पुस्तकात नाही. समस्या ‘निवडायची’ असते. ती सूचनाफलकावर लावलेली असते, अनुक्रमांकासह. ज्याला एक ते दहा त्याने शुद्धलेखन, अकरा ते वीस त्याने पाढे, एकवीसच्या पुढे अनियमित उपस्थिती. मूल शाळेत येत नाही ही गोष्ट बाईंना हजेरीपट बघून कळली नाही, हजेरी क्रमांक तेवीस म्हणून वाट्याला आली.

आणि ती टी-चाचणी! १९०८ साली डब्लिनच्या एका बिअरच्या कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाने ती काढली. त्याच्यापुढे सातूचे, मालाचे मोजकेच नमुने असायचे आणि त्या मोजक्यांवरून खात्रीने काय म्हणता येईल, हा त्याचा रोजच्या कामातला पेच होता. मालकांनी कामगारांना स्वतःच्या नावाने लेख छापायला मनाई केली होती, म्हणून त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला. म्हणजे बघा, त्या माणसाने काम केलं आणि नाव घातलं नाही. आमच्याकडे सोनेरी अक्षरांत फक्त नाव. बिअरवाल्याचा पेच खरा होता म्हणून त्याचं गणित शंभर वर्षं टिकलं. आता तेच गणित आळेफाट्याच्या समुद्रावर चालवून दाखवलं जातं आणि दर वर्षी, दर अहवालात, न चुकता सार्थक येतं. मी आजवर शून्य परिकल्पनेचा स्वीकार केलेलं एकही कृतिसंशोधन पाहिलेलं नाही. उपक्रम केला आणि काही फरक पडला नाही, असं प्रामाणिकपणे लिहिणारा छात्राध्यापक मला कोणी दाखवला तर मी त्याला नारळ, शाल आणि राजूरपर्यंत रिक्षा देईन.

इथून खोडद किती लांब आहे? नारायणगावला वळलं की आलंच. तिथे शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत, एकूण तीस. जगभरातले शास्त्रज्ञ त्या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. आकाशातून येणारी रेडिओलहर इतकी क्षीण, की आसपासचा मोबाइल, विजेच्या तारेतली ठिणगी, सगळा गोंगाट आधी ओळखून वेगळा काढावा लागतो, मग उरतं ते मोजायचं. म्हणजे आपलं काय आणि परकं काय, हे आधी निवडायचं. त्या तीस तबकड्या दिसतील इतक्या जवळच्या गावात आम्ही परकं तेवढं ठेवतो आणि आपलं असेल ते गोंगाट म्हणून काढून टाकतो. आणि हे पचत नसेल तर आमच्या आळ्यालाच या. ज्ञानोबांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथे आहे, भाविकांची रीघ असते. आजच्या समितीपुढे तो प्रयोग ठेवला असता तर तीन शेरे आले असते : नमुना एकच, नियंत्रित गट नाही, पूर्वचाचणी घेतलेली दिसत नाही. पैठणच्या ब्रह्मवृंदाने निदान समोर उभं राहून ऐकलं होतं.

मला बाईंचा राग नाही. बाई बोट्याहून जीपने येतात. घरी चार वर्षांचं पोर, दीड एकर कांदा. बी.एड.ची फी भरली ती सोनं मोडून. पुढे टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीची वाट, आणि तोवर तासिका तत्त्वावर मिळेल ते. त्यांनी चारशे रुपयांत समुद्र विकत घेतला तर घेतला. राग याचा येतो की बाईंना उत्तर माहीत होतं! आठवीतली मुलगी मार्चमध्ये शाळेत का येत नाही, हे बाईंना विचारलं असतं तर त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं असतं : कांदा काढणी सुरू झाली. ती बाईंच्याच बांधाला कांद्याची पात कापत होती. दिवाळीनंतर कोण गळतं? ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली पोरं पटावर येतात कधी, जातात कधी, कोण पाहतं? आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली ठाकर, महादेव कोळी माणसं कामाला खाली बागायतीत उतरतात. धाकट्याला सांभाळायला थोरली बरोबर येते, तिचं नाव वरच्या शाळेत आणि ती खाली टोमॅटोच्या शेतात. हे सगळं महाविद्यालयाच्या खिडकीतून दिसतं. पण खिडकीतून दिसलेल्या गोष्टीला संदर्भग्रंथ नसतो. लेखकाचं आडनाव, आद्याक्षर, कंसात वर्ष – काय लिहिणार? ‘कांदा, कां. (दरसाल)’? आपल्याला जे ठाऊक आहे ते ज्ञान नव्हे आणि दुसऱ्याच्या अहवालात जे टंकलेलं आहे तेच ज्ञान, एवढी एकच गोष्ट दोन वर्षांत पक्की शिकवली जाते, आणि ती शिकलेली बाई उद्या आठवीच्या वर्गावर उभी राहून पोरांना म्हणणार आहे, प्रश्न विचारा. लाज वाटायला हवी. बाईंना नाही, ज्यांनी समुद्रावर सह्या केल्या त्यांना.

त्याच वर्गात एक छात्राध्यापक होता, उसाच्या पट्ट्यातला. त्याला चुकून खरा प्रश्न पडला. मार्गदर्शकांकडे गेला.

‘सर, आमच्या वस्तीवरची पोरं उसाच्या कडेने शाळेत येतात. बिबट्या दिसला की आठ-आठ दिवस घरी बसतात. हा विषय घेऊ का?’

‘चल कोणतं?’

‘कुठे सर?’

‘अरे, चल! स्वाश्रयी चल, आश्रयी चल. बिबट्या यातला कोणता?’

पोरगं विचारात पडलं. ‘स्वाश्रयीच म्हणावा लागेल सर. कोणाचं ऐकत नाही.’

‘नियंत्रित गट?’

‘म्हणजे बिबट्या नसलेलं गाव?’

‘हां. जुन्नर-आंबेगावात कुठून आणशील?’

पोरगं गप्प.

‘पूर्वचाचणी कधी घेणार? बिबट्या यायच्या आधी? तो तुला कळवून येणार आहे? आणि उपाययोजना काय? वनखात्याने पिंजरा लावायचा आणि टी-मूल्य तू काढायचं? बाहेरचे परीक्षक मला विचारतील. तुझा हजेरी क्रमांक किती?’

‘सात.’

‘शुद्धलेखन.’

त्याने शुद्धलेखन घेतलं. आणि खरं सांगायचं तर त्याने ते मनापासून केलं, कुठून उचललं नाही. वस्तीजवळच्याच शाळेतली चाळीस मुलं, पूर्वचाचणी घेतली, पंधरा दिवस ऱ्हस्व-दीर्घाचा सराव घेतला. उत्तरचाचणीच्या सकाळी एकतीसच मुलं वर्गात. आदल्या रात्री उसात गुरगुर ऐकू आली होती, वस्तीवरचं कोणी निघालंच नाही. त्याने जाऊन सरांना विचारलं, नऊ मुलं कमी आहेत, काय करू. सर म्हणाले, त्यात काय, वर्गाचं मध्यमान काढ आणि नवांना तेच गुण भर, कोष्टक अपुरं दिसता कामा नये.

टी-मूल्य सार्थक आलं.