पिशव्या कुणाकडे द्यायच्या?

रांगेत माझ्या पुढे तीसेक माणसं होती तेव्हा मी रशियात होतो. वीस उरली तेव्हा अमेरिकेत पोचलो. पंधरा उरली तेव्हा बायको दबक्या आवाजात म्हणाली, "अरे, जरा गप्प बस ना. लोक बघतायत."

गप्प बसणं माझ्या हातात नव्हतं. भीती वाटली की चारचौघांची बोबडी वळते, माझी मात्र वाणी सुटते. विमान हिंदकळायला लागलं की मी शेजारच्या अनोळखी माणसाला पंख का वाकतात ते समजावून सांगतो. एकदा दातांच्या डॉक्टरांना मी भुलीच्या औषधाचा इतिहास सांगायला घेतला होता, तोही तोंडात कापसाचे बोळे असताना. रोलर कोस्टरबद्दल तर मला फारच माहिती आहे. त्याचं कारण सरळ आहे. ज्या वेळात बाकीचे त्यात बसून येतात, तो सगळा वेळ मला वाचायला मिळालेला आहे.

आमच्या घराण्यात मी पहिला भित्रा नसेन, पण पद्धतशीर भित्रा मीच. त्याची सुरुवात पुण्यात पेशवे पार्कात झाली. तिथली फुलराणी ही चिमुकली आगगाडी १९५६ साली सुरू झाली. मी तिच्यात बसलो ते १९७८ मध्ये, पाच वर्षांचा असताना. फुलराणीचा वेग सांगायचा तर माझी आजी रुळाच्या कडेने, गुडघे दुखत असताना, हातातले शेंगदाणे खात खात तिच्या बरोबरीने चालत होती. तरी मी पहिल्या वळणावर असा काही टाहो फोडला की पुढच्या डब्यातल्या दोन मुलांनीही, कारण माहीत नसताना, सूर लावला. आजी म्हणाली, "पोर हळवं आहे." भित्रेपणाला इतका सुरेख शब्द पुढे कुणी दिला नाही.

१९८५ मध्ये वडिलांनी एलटीसी घेतली आणि आम्ही दिल्लीला गेलो. आदल्याच वर्षी नोव्हेंबरात प्रगती मैदानाजवळ अप्पू घर उघडलं होतं. एशियाडच्या हत्तीचं नाव, शहरभर चर्चा. ताजमहाल बघून दिल्लीत परतल्यावर बहिणीने अप्पू घराचा हट्ट धरला. पाळण्यांपाशी पोचलो आणि आईसमोर एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. पुरीभाजीचा डबा, थर्मास, स्वेटरांचं बोचकं आणि करोल बागेतून घेतलेला प्रेशर कुकर कुणाकडे द्यायचा? मी झटकन पुढे होऊन म्हणालो, "मी धरतो." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "शहाणं आहे गं माझं बाळ." बारा वर्षांचं ते बाळ कुकर पोटाशी धरून दोन तास बाकावर बसलं आणि त्याला आयुष्याचा हुद्दा मिळाला. अप्पू घर २००८ मध्ये बंद झालं आणि त्या जागेवर सर्वोच्च न्यायालयाचा विस्तार झाला. म्हणजे लोक अजूनही तिथे पोटात गोळा घेऊनच जातात.

पुढे १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं. टीव्हीवरच्या त्या जाहिरातीने महाराष्ट्रातल्या यच्चयावत पोरांना झपाटलं होतं. १९९२ मध्ये आमच्या वर्गाची सहल निघाली. वर्गात एक मुलगी होती. (असतेच.) तिच्यासाठी मी मनाशी ठरवलं होतं की या खेपेला पिशव्या धरायच्या नाहीत, बसायचं, आणि शक्य तर तिच्या शेजारी. पण तिथे जायला मार्व्याहून होडी होती. खाडीतलं पाणी ताटात वाढलेल्या कढीइतकं संथ. ओलांडायला जेमतेम काही मिनिटं. तेवढ्यात मला होडी लागली. पलीकडच्या धक्क्यावर मी उतरलो तो दोघांच्या खांद्यांवरून. सर म्हणाले, "याला सावलीत बसवा आणि बॅगा याच्यापाशी ठेवा." तेवीस बॅगा होत्या. चोविसावी तिची पर्स. ती मला विश्वासाने हातात देऊन गेली आणि मी त्याला दुसरंच काही समजलो. योगायोगाने ते बरोबर निघालं. आज लग्नाला पंचवीसहून अधिक वर्षं झाली. लग्नाच्या हॉलमध्ये, डी-मार्टात, लालबागच्या रांगेत ती पर्स माझ्याच खांद्यावर असते.

ही सगळी पार्श्वभूमी सांगितली नाही तर २०२५ च्या मे महिन्यात खोपोलीजवळ इमॅजिकाच्या दारात माझ्यावर काय कोसळलं ते कळायचं नाही. लेकीची दहावी संपली होती. मी सकाळीच घरून तीन पिशव्या जास्त घेतल्या होत्या. टोप्या, टॉवेल, बदलायचे कपडे, छत्र्या. मे महिन्यात छत्र्या कशाला, असं बायकोने विचारलंही. आत गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, दे त्या सगळ्या. लॉकर आहेत इथे."

मी पाहिलं. खरंच लॉकर होते. रांगेने. पिशव्या आत गेल्या, दार बंद झालं. चाळीस वर्षांची माझी नोकरी एका किल्लीने संपवली. ना नोटीस, ना निरोप समारंभ.

उरली होती फक्त नाइट्रो या रोलर कोस्टरच्या दारावरची पाटी. हृदयविकार, रक्तदाब, मानेचं-पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी बसू नये, असं त्या पाटीवर लिहिलेलं असतं. मी एकेक ओळ आशेने वाचली. रक्तदाबावर बोट ठेवलं. बायको म्हणाली, "परवाच तपासलाय. एकशेवीस-ऐंशी." पाठीला हात लावला. "कालच सिलिंडर तू उचललास." शेवटची ओळ गरोदर स्त्रियांची होती. तिच्यापाशी मी जरा रेंगाळलोच. लेक म्हणाली, "बाबा, ते तुला जमणार नाही."

मग रांग, आणि रांगेत माझी सुटलेली वाणी. माझ्या पुढे चौथी-पाचवीतला एक मुलगा होता. उंची मोजायच्या पट्टीला त्याचं डोकं जेमतेम लागलं होतं आणि त्या आनंदात तो मला दर मिनिटाला प्रश्न विचारत होता. मी त्याला सांगितलं की हे वेड रशियातलं. सेंट पीटर्सबर्गकडे हिवाळ्यात लाकडी उतार उभारायचे, त्यांवर पाणी ओतून बर्फ करायचे आणि घसरायचे. म्हणून फ्रेंच लोक रोलर कोस्टरला 'रशियन डोंगर' म्हणतात. रशियन लोक मात्र 'अमेरिकन डोंगर' म्हणतात. आमच्या सोसायटीत जिन्यातल्या चपलांबद्दल ए विंग आणि बी विंगचं जसं आहे, तसंच हे. मूळ दोष आपल्या नावावर कुणालाच नको असतो.

"मग अमेरिकेत कधी आलं?" मुलाने विचारलं.

"१८८४. न्यू यॉर्कजवळ कोनी आयलंड. लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसाने बांधलं. तिकीट पाच सेंट आणि वेग ताशी दहा किलोमीटर." हा आकडा सांगताना माझा आवाज भरून आला. ताशी दहा! लक्ष्मी रोडला संध्याकाळी रिक्षा त्याहून हळू जाते, आणि तिच्यात मी बसतोच. मी फक्त चुकीच्या शतकात जन्मलो. १८८४ साली मी या विषयातला धाडसी पुरुष ठरलो असतो.

"आणि लूपमध्ये आपण पडत का नाही?"

इथे माझा तोल गेला. मी त्याला १८९५ सालच्या, कोनी आयलंडच्याच 'फ्लिप फ्लॅप'ची गोष्ट सांगितली. त्या लोकांनी लूप बांगडीसारखा अगदी गोल केला, आणि वर चढताना एकदम असा दाब यायचा की बसणाऱ्यांच्या माना आखडायच्या. मग पुढे बरीच वर्षं लूपचं नाव कुणी फारसं काढलं नाही. १९७६ मध्ये जर्मनीच्या वेर्नर श्टेंगेल या इंजिनिअरने कॅलिफोर्नियातल्या कोस्टरसाठी तो थेंबाच्या आकाराचा केला. खाली पसरट, वर निमुळता. दाब हळूहळू वाढतो, मान वाचते.

"म्हणजे आधी माना मोडायच्या?" मुलाचे डोळे चमकले. मागच्या दोन बायका एकमेकींकडे बघून रांगेतून बाहेर पडल्या. बायकोने मला चिमटा काढला.

मी सारवासारव केली. आता घाबरायचं काहीच नाही, म्हटलं, आणि पुराव्यादाखल रांगेचा लोखंडी कठडा धरला. "हा रूळ समज. एक चाक वरून, एक बाजूने आणि एक खालून. खालचं चाक जॉन मिलरचं, पेटंट १९१९ सालचं. रूळ तिन्ही बाजूंनी धरलेला, त्यामुळे गाडी सुटूच शकत नाही." रांग पुढे सरकली. माझी बोटं कठड्यावरून निघेनात. तिन्ही बाजूंनी धरलेला होता. शेवटी लेकीने एकेक बोट सोडवलं.

नाइट्रोला फरशी नाही, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. चपला-सँडल काढून ठेवायचे होते. मी बूट काढले तेव्हा लक्षात आलं की उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे. बायको माझ्याकडे नव्हे, त्या अंगठ्याकडे बघून म्हणाली, "आजच?" चौघांची ओळ. कडेला लेक, मग बायको, मग मी आणि माझ्या पलीकडे तो मुलगा. त्याचे आईवडील मागच्या ओळीत होते. त्याला माझ्याच शेजारी बसायचं होतं, "काकांना सगळं माहितीये" म्हणून. खांद्यांवरून जाड दांडे खाली आले आणि छातीला चिकटले. मग पायांखालची फरशी सरकून खाली गेली आणि माझा उघडा अंगठा मे महिन्याच्या हवेत लोंबकळायला लागला.

गाडी निघाली. चढावर कट-कट-कट आवाज सुरू झाला. समोर आकाशाशिवाय काही नव्हतं. चाळीस मीटर म्हणजे बारा-तेरा मजले. आमच्या इमारतीत मी चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत वाळवण घालायलाही जात नाही.

"काका, ही कट-कट कसली?"

देवाने प्रश्न विचारायला माणूस पाठवला होता. मी गळ्यातून जे काही आवाजासारखं निघालं त्यात सांगायला सुरुवात केली. "ते खटके असतात. जात्याला कसं... नाही, विहिरीच्या रहाटाला कसं असतं... चढताना एकेक दातरा ओलांडत जातात. समज, साखळी तुटली, तरी गाडी मागे..."

कट-कट थांबली.

पुढचं मला सलग आठवत नाही. लहान असताना विहिरीत ढकललं होतं तसं पोट वर राहिलं आणि मी खाली गेलो. लूप आला. थेंबाच्या आकाराचा असणार, मी आकार बघू शकलो नाही. एकदा डोंगर माझ्या डोक्याखाली होता आणि त्याच्याही खाली आकाश. माझा अंगठा मला सूर्याच्या शेजारी दिसला. एकूण पाच वेळा उलटे होतो, हे मी रांगेत सगळ्यांना सांगितलं होतं. आत मी तिसऱ्यापर्यंत मोजलं आणि मग रामरक्षा सुरू केली, ती मधूनच, जिथून आठवली तिथून. डावीकडे बायको हसत होती. घाबरून नव्हे, खळखळून. पंचवीस वर्षांत मी तिला असं हसताना फक्त लांबून, बाकावरून पाहिलं होतं.

मग ब्रेक लागले, दांड्यांवर छाती आपटली आणि गाडी उभी राहिली. सगळीकडे एकदम शांतता.

"...येत नाही," मी म्हणालो.

"काय?" मुलाने विचारलं.

"गाडी. मागे येत नाही."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मागे वळून आईला सांगितलं, "आई, काका अजून तिथेच आहेत."

बाहेर पडताना फोटोचा पडदा होता. लेकीचे केस उभे, बायकोचे हात वर, मुलाची जीभ बाहेर. माझे डोळे घट्ट मिटलेले, तोंड अर्धवट उघडं आणि उजव्या हाताची तर्जनी दांड्यावरून किंचित वर आलेली. बायको वाकून वाकून बघत म्हणाली, "बाई गं, इथेही सांगतोच आहे."

मी काही बोललो नाही. बोलायला पाय लागतात असं मला त्या दिवशी कळलं, आणि माझे पाय अजून वर कुठेतरी होते. दोघींचं मात्र रांगेकडे बघून खुसुरफुसुर चाललं होतं. मग लेक लॉकरकडे पळाली आणि एकच वस्तू काढून घेऊन आली.

"आम्ही अजून एकदा जाऊन येतो," बायको म्हणाली आणि पर्स माझ्या मांडीवर ठेवली. "पाणी आहे आत. लिंबाची गोळीही आहे."

मी गोळी तोंडात टाकली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. पायांशी चार पिशव्या, मांडीवर दोन टोप्या. बहुधा लॉकरवर विश्वास नसलेले, जुन्या वळणाचे. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग अंगठ्याकडे.

"बसून आलात?" त्यांनी आदराने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "तसं हे काहीच नाही. अमेरिकेत किंगडा का होता, एकशे एकोणचाळीस मीटर, ताशी दोनशे सहा. यंदाच फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला. मुळात हे सगळं सुरू झालं ते रशियात, हिवाळ्यात..."

त्यांनी टोप्या पिशवीत कोंबल्या, चारही पिशव्या उचलल्या आणि ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.