शिफारशीत वाण: बदनापुरी कादंबरी-शिफारसशास्त्राची रूपरेषा

'शिफारस' हा शब्द महाराष्ट्रात इतरत्र मंत्रालयाकडे तोंड करून उच्चारला जातो. बदनापुरात तो तुरीकडे तोंड करून उच्चारला जातो. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधल्या आमच्या या गावात परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, आणि तिथून निघालेल्या तुरीच्या वाणांना गावाचं नाव आडनावासारखं चिकटलेलं आहे: बीडीएन ७०८, बीडीएन ७११, बीडीएन ७१६. यातलं बीडीएन म्हणजे बदनापूर. ज्या गावाला गाडीतले लोक 'आता जालना आलंच' या वाक्यापुरतं ओळखतात, त्या गावाचं नाव मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडी असतं, हे इथे नोंदवून ठेवतो. पुढच्या विवेचनाला त्याची गरज आहे.

तर केंद्र जेव्हा एखाद्या वाणाची शिफारस करतं तेव्हा ते 'लावून बघा, मजा येईल' असं म्हणत नाही. रंग पांढरा की लाल, किती दिवसांत येणार, जमीन कसली हवी, पाण्याचा ताण सोसेल का, मर रोगाला टिकेल का, वांझ रोगाला टिकेल का, सगळं सांगितलेलं असतं. आणि त्याच गावातला त्याच तुरीचं वरण खाणारा सुशिक्षित माणूस कादंबरीची शिफारस कशी करतो? 'भारी आहे. वाच.' शास्त्रीय परिभाषेत भारी ही जमीन असते, कादंबरी नव्हे. काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. हा परिभाषेचा घोळ निस्तरावा म्हणून प्रस्तुत लेखकाने हे शास्त्र हाती घेतलं. मागणी कुणाचीच नव्हती.

अभ्यासाचं क्षेत्र मर्यादित ठेवलं आहे: रहस्यकादंबरी, ऐतिहासिक कादंबरी आणि त्यांचा संकर. साधनसामग्री: गावातलं एक वाचनालय, सकाळची रेल्वे आणि दोन तज्ज्ञ. पहिले तज्ज्ञ म्हणजे निवृत्त गुरुजी. ते इतिहासाखेरीज काही वाचत नाहीत. दुसरे आमचे भाऊजी. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि ते खुनाखेरीज काही वाचत नाहीत. दोघांचं एकमेकांशी उत्तम जमतं, कारण दोघांनीही दुसऱ्याने सुचवलेलं पुस्तक आजवर उघडलेलं नाही.

आता रोग. तुरीवरचा मर रोग सगळ्यांना ठाऊक आहे. झाड हिरवंगार उभं असतं, फुलोऱ्यावर येतं आणि बघता बघता माना टाकतं. रहस्यकादंबरीची मर म्हणजे शेवट फोडणं. या रोगाचे वाहक आमचे भाऊजी. मुरलीधर खैरनारांची 'शोध' मी नुकतीच सुरू केली होती. गाडी बदनापूर सोडून जालन्याच्या दिशेला लागली होती. माझ्या हातातलं पुस्तक बघून भाऊजींचा चेहरा उजळला. 'अरे वा! त्या खजिन्याचं शेवटी काय होतं माहितीय का?' एवढं वाक्य झालं आणि मी दोन्ही कानांत बोटं घातली. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंना वाटलं, पोराचे कान दुखतात. त्यांनी पिशवीतून ओव्याची पुडी काढून दिली. जालना येईपर्यंत मी ओवा चघळत बसलो आणि भाऊजी ओठ हलवत बसले. शेवट वाचला, पण थोडक्यात.

मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहते. म्हणून एकाच रानात दरवर्षी तूर घेऊ नका, फेरपालट करा, असं सांगतात. गावाचंही तेच आहे. एकदा खुनी कोण हे चारचौघांत बोललं गेलं की पुढची दहा वर्षं त्या कादंबरीचं पीक त्या गावात येत नाही. उपाय एकच, भाऊजींची फेरपालट. त्यांना मध्ये दोन हंगाम ऐतिहासिक कादंबरी द्यावी. प्रयोग केला. अयशस्वी झाला.

वांझ रोग याहून वाईट. यात झाड मरत नाही. ते पालेदार होतं, झुडपासारखं फोफावतं, फक्त त्याला फूल नाही नि शेंग नाही. डोळ्यांना न दिसणारा कोळी तो पसरवतो. वाचकांतला हा रोग 'वाचायला घेतो हं' या वाक्याने ओळखू येतो. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ची. २०२५च्या फेब्रुवारीत तिच्यावरचा सिनेमा आला आणि जी प्रत वाचनालयात निवांत धूळ खात होती तिच्यासाठी नंबर लागले. नेणारा प्रत्येक जण पंधरा दिवसांनी प्रत परत आणत होता, 'जबरदस्त' म्हणत होता आणि पुढच्याला शिफारस करत होता. माझा नंबर आला तेव्हा पुस्तकात खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट बाविसाव्या पानावर होतं. त्या तिकिटापुढची पानं इतकी कोरीकरकरीत होती की उलटताना बोट कापलं. यापूर्वी इनामदारांच्या 'राऊ'वर हीच वेळ आली होती. ती १९७२ची, तिच्यावरचा 'बाजीराव मस्तानी' २०१५चा. सिनेमा हा तो कोळी, असं अनुमान निघतं. पण सिनेमा न आलेल्या कादंबऱ्याही लोक तितक्याच निष्ठेने वाचत नाहीत, त्यामुळे अनुमान सोडून द्यावं लागलं.

ऐतिहासिक कादंबरीला मर लागत नाही. हा तिचा सर्वांत मोठा गुण आणि गुरुजींचा सर्वांत मोठा मुद्दा. 'पानिपत'चा शेवट काय फोडणार? तो १४ जानेवारी १७६१ रोजीच फुटलेला आहे. विश्वास पाटलांनी १९८८मध्ये कादंबरी आणली ती सगळ्या महाराष्ट्राने शेवट माहीत असून वाचली. गुरुजी दर संक्रांतीला ती पुन्हा काढतात. मी एकदा विचारलं, 'गुरुजी, दरवर्षी तेच तेच काय वाचता?' चष्मा पुसत म्हणाले, 'या वर्षी तरी विश्वासरावांना गोळी लागत नाही का, ते बघतोय.' शास्त्रग्रंथात असली वाक्यं घालू नयेत, पण या अभ्यासात याहून नेमकं निरीक्षण मिळालेलं नाही.

इथे एक सिद्धान्त मांडतो. रहस्यकादंबरी का चांगली आहे हे सांगायला गेलं की ती मरते. ऐतिहासिक कादंबरी का चांगली आहे हे सांगायला गेलं की भांडण होतं. पहिलीत शेवट कुणाला ठाऊक नसावा लागतो. दुसरीत तो सगळ्यांना ठाऊक असतो आणि तो तसा का झाला यावर प्रत्येकाच्या आजोबांचं मत वेगळं असतं. मराठी माणसाची पंचाईत अशी की त्याच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला खूनसुद्धा रहस्य म्हणून बाद आहे. ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव, गारदी, शिवाय दस्तऐवजात केलेली एका अक्षराची खाडाखोड आणि तपासाला रामशास्त्री. कुठल्याही इंग्रजी लेखिकेने यावर बारा कादंबऱ्या काढल्या असत्या. आपण काय केलं? 'ध'चा 'मा' कुणी केला हे शाळेतच सांगून टाकलं आणि वर त्याचा वाक्प्रचार केला. शेवट फोडण्याचा याहून मोठा प्रकार जगाच्या वाङ्मयात नसावा. पानिपतानंतर भाऊसाहेब म्हणून अवतरलेला तोतया हे खरं रहस्य होतं, पण १७७६मध्ये त्याला देहान्त शिक्षा देऊन तेही मिटवलं.

पूर्वसूरींचा उल्लेख हा शिष्टाचार आहे, म्हणून घाईने. गुंजीकरांची 'मोचनगड' १८६७पासून 'विविधज्ञानविस्तारा'त क्रमशः आली. मराठी ऐतिहासिक कादंबरीचं तिथे पहिलं पाऊल. म्हणजे तेव्हाही 'पुढे काय होतं ते सांगू नका' म्हणणारे पुढच्या महिन्याची वाट बघत असणार. रहस्याच्या बाजूला बाबूराव अर्णाळकर. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू. त्यांची पुस्तकं हजाराच्या वर, आणि गुरुनाथ नाईकांचीही हजाराच्या वर. रोज रात्री एक धरली तरी दोघांना मिळून साडेपाच वर्षं लागतात. एकच रात्र चुकली तर हिशेब बिघडतो, हे भाऊजी आजारी होते तेव्हा लक्षात आलं. सुहास शिरवळकर यात धरलेले नाहीत. त्यांच्या चाहत्यांशी हिशेबाची भाषा चालत नाही, ते दारा बुलंदच्या गोष्टी सांगायला लागतात.

आता प्रत्यक्ष शिफारशी, हल्लीच्या वाणांपुरत्या.

'शोध', २०१५. आंतरपीक. शिवाजी महाराजांनी १६७०मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली, परतताना दिंडोरीजवळ लढाई झाली, त्या लुटीतल्या हरवलेल्या हिश्शाचा आजच्या काळात माग. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन, या प्रमाणात इतिहास आणि रहस्य. जमीन भारी हवी, कारण पुस्तक जाड आहे आणि झोपून वाचताना छातीवर पडतं. कालावधी चार रात्री. मर रोगाला अत्यंत बळी पडणारं. भाऊजींपासून लांब पेरावं. लेखक नाशिकचे, कादंबरी आली त्याच वर्षी गेले. या वाणाचा पुढचा हंगाम नाही, म्हणून बियाणं जपून वापरा.

'प्रतिपश्चंद्र', डॉ. प्रकाश कोयाडे. हेही संकरित, राजमुद्रेच्या पहिल्याच शब्दात दडवलेलं रहस्य. वाचनीयता उत्तम, उगवण जलद, तरुण पोरं एका बैठकीत संपवतात. शिफारशीला एकच अडचण, नाव. वाचनालयात एका महिन्यात तिची मागणी 'ते प्रतिपदाचं', 'पश्चिमचंद्र' आणि 'चंद्राचं ते जाडं' अशी तीन प्रकारे झाली. ग्रंथपाल ताईंनी तिघांनाही बरोबर पुस्तक दिलं. या शास्त्रात मानद पदवी द्यायची झाली तर ती ताईंना.

'महासम्राट', विश्वास पाटील, पहिला खंड २०२२. हे हंगामी पीक नव्हे, ही मोसंबीची बाग आहे. खंड येत राहतात, वाचकाने पाणी देत राहायचं. गुरुजींनी शिफारस न करता वाचायला घेतली, ही त्यांची सर्वोच्च शिफारस.

'अंताजीची बखर', नंदा खरे. हिच्यापाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण वरची दोन्ही दुखणी हिला लागत नाहीत. अंताजी हा अठराव्या शतकातला एक हेर. तो ना शूर, ना त्यागी. मोठ्या माणसांच्या मोठ्या लढायांच्या कडेला उभा राहून, जमेल तेवढं बघून आणि जीव वाचवून आलेला माणूस. इतिहास ठाऊक असला तरी अंताजीला त्यातलं काय दिसलं हे ठाऊक नसतं, म्हणून रहस्य टिकतं. आणि अंताजी कुणाच्याच बाजूने छाती पिटत नसल्यामुळे भांडणही होत नाही. मी ती गुरुजींना दिली. आठ दिवसांनी परत करताना म्हणाले, 'हा मनुष्य आपल्यातला वाटतो.' शिफारस मानली गेली की अपमान झाला, हे ठरवता आलं नाही.

एक तक्रारही नोंदवतो. सुरतेच्या लुटीवर कादंबरी आहे, मग जालन्याच्या लुटीचं काय? नोव्हेंबर १६७९, महाराज चार दिवस जालन्यात. सभासदाच्या बखरीत गावाचं नाव जालनापूर आहे. परतताना संगमनेरकडे मोगलांनी गाठलं आणि बहिर्जी नाईकाने आडवाटेने पट्टा किल्ल्यावर नेऊन सोडलं, म्हणून त्याचा विश्रामगड झाला. संपत्ती आहे, पाठलाग आहे, हेर आहे, आडवाट आहे, आणि हे सगळं आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर सुरू होतं. माझ्या तरी वाचनात यावर रहस्यकादंबरी आलेली नाही. कुणी लिहिली तर तिची शिफारस बदनापुरातून विनामूल्य केली जाईल.

उरली शेंगा पोखरणारी अळी. ही पुस्तकाच्या आत शिरते, हातात पेन्सिल घेऊन. वाचनालयात एक जुनी रहस्यकादंबरी आहे. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली आठ पानं गेलेली, त्यामुळे नाव आणि लेखक दोन्ही गेलेले. नोंदवहीत ती 'रहस्य (फाटकी)' अशी आहे. अडतिसाव्या पानावर, डॉक्टरच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ आणि बाण: 'हाच.' मी पुस्तक मिटलं, अळीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि रागाच्या भरात पुढे वाचत गेलो. एक्क्याण्णवाव्या पानावर त्याच हस्ताक्षरात: 'नाही. चुकलं. दिवाणजी.' एकशे सव्वीसवर दिवाणजीचाच खून होतो. तिथे समासात फक्त एक उद्गारचिन्ह आहे, आणि ते इतकं दाबून काढलंय की पुढच्या पानावर उमटलंय.

शेवटचं पान नाही. आहे त्या शेवटच्या पानाच्या तळाला अळीने लिहिलंय: 'कुणी सांगेल का?' त्याखाली निळ्या शाईत 'बायको'. त्याखाली हिरव्या बॉलपेनने 'बायको कशी असेल, ती तेव्हा नागपूरला'. त्याखाली थरथरत्या अक्षरात 'माळी' आणि सही. सर्वांत खाली भाऊजींचं हस्ताक्षर, दुकानाच्या पावत्यांवरून मी ते ओळखतो: 'मला माहीत नाही.' आयुष्यात पहिल्यांदा.

ताईंच्या वहीप्रमाणे हे पुस्तक गावात सर्वांत जास्त फिरलेलं आहे. कालावधी एक रात्र, जमीन कसलीही, मर रोगास पूर्णपणे प्रतिकारक. संकेश्वरपासून गोंदियापर्यंत एखाद्या कपाटात याची धड प्रत असू शकेल. डॉक्टर, दिवाणजी, माळी आणि नागपूरला गेलेली बायको एवढ्यावरून ती कुणाला ओळखू आली, तर बदनापूरकरांच्या वतीने कळकळीची विनंती आहे: कृपया कळवू नये.